गुगलला मराठीत विचारलं की हळद मिळते

संपादक महोदय,

तुमच्या ऑक्टोबरच्या आरोग्य पुरवणीत स्तनांच्या कॅन्सरवर पानभर लेख आला होता, गुलाबी रिबन, हसणाऱ्या बायकांचा फोटो वगैरे. लेख वाईट नव्हता, पण शेवटी छापलं होतं की अधिक माहिती इंटरनेटवर सहज उपलब्ध आहे. एवढंच. कुठे, कोणाची, कुठल्या भाषेत, काही नाही. तर त्या सहज उपलब्ध माहितीबद्दलच लिहायला बसलेय, कारण ती शोधून झाली की लोक प्रिंट काढायला माझ्याकडे येतात.

माझं नौपाड्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आधार, पॅन, लाइट बिल, शाळेचे फॉर्म हे रोजचंच, पण आजूबाजूला दवाखाने आणि लॅब भरपूर, त्यामुळे रिपोर्ट स्कॅन करून कुठेतरी मेल करा, व्हॉट्सअपवर आलेलं प्रिंट करून द्या असं सांगत येणारेही खूप. आणि माझ्या जावेला हाच आजार झाला तेव्हा खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक हॉस्पिटलला आमची ये-जा असायची, ठाणे-पनवेल गाडीत बसून मी फोनवर वाचायला लागले ती सवय लागली ती लागलीच. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बी.कॉम. आहे. पण कोण काय वाचून येतं ते काउंटरच्या या बाजूने मला रोज दिसतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं असं वाटतं म्हणून हे पत्र.

तुम्ही एक करून बघा. तुमच्या फोनवर इंग्रजीत ब्रेस्ट कॅन्सर ट्रीटमेंट टाका. अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, अमेरिकन कॅन्सर सोसायटी, मेयो क्लिनिक, ब्रिटनची कॅन्सर रिसर्च यूके असं काहीतरी वर येतं. आता तेच मराठीत टाका, स्तनाच्या गाठीवर उपाय. किंवा टाकू पण नका, माइकचं बटण दाबून बोला, कारण निम्म्या बायका तसंच करतात, टाइप करायचा कंटाळा येतो आणि रात्री सगळे झोपल्यावर हळूच विचारायचं असतं. माझ्या फोनवर आधी व्हिडिओ येतात, लाल अक्षरात गाठ सात दिवसांत गायब, एक बाबा, एक ताई, एक पांढरा कोट घातलेला माणूस ज्याची डिग्री कुठेच लिहिलेली नसते. त्याच्याखाली बातम्यांच्या वेबसाइटी, हे पाच पदार्थ खा आणि कॅन्सरला दूर ठेवा. आणि राग मानू नका, त्या पाच पदार्थवाल्यांमध्ये तुमचं पण पान असतं. तारीख नाही, कोणी लिहिलं त्याचं नाव नाही, लेखकाच्या जागी वेब टीम. म्हणजे जिला इंग्रजी येतं तिला एक जग दिसतं आणि जिला येत नाही तिला दुसरंच, आजार मात्र दोघींना एकच. माझं सगळं म्हणणं यातच आलं, बाकीचं मी कशावरून म्हणते ते सांगते.

मध्यंतरी एक गृहस्थ आले, कळव्याचे, पन्नाशीच्या आतलेच असतील, बायको बाहेर स्कूटरवर बसलेली. मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा रिपोर्ट होता, रंगीत झेरॉक्स हवी होती गावच्या कुठल्यातरी वैद्याला पाठवायला. म्हणाले, ताई आता काय करायचं, चौथी स्टेज निघाली. मी रिपोर्ट बघितला. खाली ठळक अक्षरात छापलेलं, बायरॅड्स ४. आता हा आकडा स्टेजचा नाहीच. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांच्या संस्थेने मॅमोग्राफीचा रिपोर्ट सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावा म्हणून शून्य ते सहा अशी पायरी ठरवलीय. शून्य म्हणजे चित्र पूर्ण नाही, अजून फोटो काढा. एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे दिसतंय ते साधं आहे, तीन म्हणजे बहुतेक साधंच आहे, कॅन्सर निघायची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण काही महिन्यांनी परत बघू. चार म्हणजे शंका आहे, बायोप्सी करा, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासा. त्या चारातही अ ब क आहे, ४ ए ला शक्यता दोन ते दहा टक्के, ४ सी ला पन्नासच्या वर. पाच म्हणजे फारच दाट शंका, आणि सहा म्हणजे बायोप्सीत आधीच सिद्ध झालेलं. त्या बाईंचा ४ ए होता. म्हणजे अशा शंभर जणींत नव्वदपेक्षा जास्त जणींना कॅन्सर निघत नाही, आणि हे गृहस्थ बायकोला चौथ्या स्टेजची समजून बायोप्सी न करताच गावी न्यायला निघाले होते, कारण फोनवर कॅन्सर आणि चार असं काहीतरी टाकलं आणि चौथ्या स्टेजचा व्हिडिओ लागला, तो त्यांनी पूर्ण बघितला, मग फोन तसेच व्हिडिओ दाखवत राहिला.

मी त्यांना म्हटलं, आधी ज्यांनी तपासायला सांगितलं त्याच डॉक्टरांकडे जा, मला नका विचारू, फक्त एवढं विचारा की हा चार स्टेजचा आहे का. गेले. पुढे काय झालं मला माहीत नाही, दुकानात माणूस कागद घेऊन जातो, परत येईलच असं नसतं.

असंच ग्रेडचं. बायोप्सीच्या रिपोर्टात ग्रेड ३ लिहिलेलं असतं, घरी रडारड सुरू होते की तिसरी स्टेज. ग्रेड म्हणजे पेशी मायक्रोस्कोपखाली किती बिघडलेल्या दिसतात आणि किती जोरात वाढतायत ते, स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि आजार कुठवर गेलाय ते. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजला असू शकते. माझ्या जावेची तशीच होती. ईआर पीआर, म्हणजे गाठीच्या पेशी हार्मोनला दाद देतात का त्याची तपासणी, ती पॉझिटिव्ह वाचून पण लोक घाबरतात, पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच असणार, कोविडने ती सवय लावलीय. खरं तर ईआर पॉझिटिव्ह म्हणजे टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनवरची गोळी लागू पडू शकते, डॉक्टरांच्या हातात एक हत्यार जास्त. हे सगळं मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात कुठे मिळतं का सांगा. मी शोधलं, तुकड्यातुकड्यात मिळतं, तेही पाठ्यपुस्तकातल्या मराठीत, वाहिनीगत कर्करोग वगैरे. कोणाला कळणार ते.

आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे सुई लावली की पसरतो. हे मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की बस. बायोप्सीने स्तनाचा कॅन्सर अंगभर पसरत नाही, उलट सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कुठला प्रकार आहे ते कळत नाही आणि कळल्याशिवाय धड उपचार ठरत नाहीत. पण या एका वाक्यापायी बाई सहा सहा महिने लेप लावत बसते. गाठ दुखत पण नाही, म्हणून वाटतं काही नसेल. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच, तीच तर गोम आहे. नुसती गाठ पण नाही, कातडी ओढली जाणं, खळगा पडणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, निप्पल आत जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, काखेत गाठ लागणं, यातलं काहीही दिसलं तर दाखवून यायचं. बहुतेक गाठी साध्याच निघतात हेही तितकंच खरं आहे आणि तेही कोणी सांगत नाही, म्हणजे घाबरवणारे पण तेच आणि गाफील ठेवणारे पण तेच.

आता फॉरवर्डवर येते. आपल्याकडे टाटाचं नाव म्हणजे सोन्यावरचा हॉलमार्क, मेसेजखाली टाटा हॉस्पिटल लिहिलं की विषय संपला. गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात हा मेसेज टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने वर्षानुवर्षं फिरतोय. हॉस्पिटलने जाहीर सांगितलं की डॉक्टरांनी असं काही म्हटलेलंच नाही, तरी तो मेसेज अजून माझ्याकडे प्रिंटला येतो, कोणीतरी सोसायटीच्या नोटिस बोर्डवर लावायला. काळी ब्रा उन्हात घालू नका हा पण तसाच, त्याच्याखाली पण टाटाच. खरं टाटाचं काय आहे ते बघायचं तर त्यांची सरकारी साइट आहे, टीएमसी डॉट जीओव्ही डॉट इन, हे हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली येतं म्हणून मागे जीओव्ही. टाटाच्या नावाने आलेलं काहीही असो, तिथे नसेल तर मी प्रिंट काढून देते पण वरती पेनाने प्रश्नचिन्ह काढून देते. काही जण चिडतात. चिडू देत.

२०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योत सिंग सिद्धू यांनी सांगितलं की त्यांच्या पत्नीचा स्तनाचा कॅन्सर लिंबूपाणी, हळद, कडुलिंब आणि डाएटने बरा झाला. पत्नीचं ऑपरेशन, केमो सगळं झालं होतं, पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते कडुलिंब. त्यावर टाटाच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी सह्या करून पत्रक काढलं की या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला चांगल्या दर्जाचा पुरावा नाही, कुठलंही लक्षण दिसलं तर उशीर करू नका. त्या आठवड्यात मला सिद्धूंचा व्हिडिओ कितीतरी ग्रुपवर आला, पत्रक एका पण ग्रुपवर नाही आलं. मी टाकलं तर एकीने विचारलं, पण हळदीने नुकसान तर नाही ना? भाजीतल्या हळदीने काय व्हायचंय. हळदीच्या भरवशावर ऑपरेशन पुढे ढकललं की नुकसान होतं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे मोजून छापलंय. ज्या बायकांनी पसरलेला नसलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर नेहमीचे उपचार सोडून नुसते पर्यायी उपचार घेतले त्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या साडेपाच पटींहून जास्त निघाला. हा आकडा तुमच्या पेपरात मला दिसला नाही, सुटला असेल तर माफ करा.

पेपरवाल्यांवर पण थोडं बोलू द्या. २०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली, टाटाची १०० रुपयांची गोळी, कॅन्सर परत येणार नाही. सगळ्यांनी लावली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कात्रणं घेऊन लोक, ताई हे ऑनलाइन मिळतं का बघा ना. त्या गोळीमागे प्रयोग आहेत, खोटं नाही, पण मुख्य आधार उंदरांवरच्या कामाचा आणि माणसांवरच्या छोट्या चाचण्यांचा होता, गोळी बाजारात नव्हती, परवानगी यायची होती. हे बातमीत होतं, पण खाली, जिथे कोणी पोचत नाही. मथळ्यात १०० रुपये आणि कॅन्सर. ज्या बाईची केमो अर्धी झालीय आणि नवऱ्याने गावची जमीन गहाण टाकलीय तिने तो मथळा वाचून काय करावं अशी अपेक्षा होती?

गंमत म्हणजे याच मुंबईत झालेलं जे खरं मोठं काम आहे त्याचा एक पण फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला, पस्तीस ते चौसष्ट वयाच्या. निम्म्यांना दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या बायका, डॉक्टर नव्हे, हाताने स्तन तपासून जायच्या, आणि काय लक्षणं बघायची ते समजावून सांगायच्या. वीस वर्षं लक्ष ठेवलं, २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, पण आजार लवकरच्या स्टेजला सापडायला लागला. मशीन नाही, लाखांचा खर्च नाही, हाताने तपासणी. आपल्याच बायकांवरचं, आपल्याच शहरातलं. दुसरं, ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे दात काढताना देतात त्या बधिर करण्याच्या औषधाचं इंजेक्शन. अकरा सेंटरवर सोळाशे बायका, पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये नव्वद टक्के हयात, न घेतलेल्यांमध्ये शहाऐंशीच्या वर. हे २०२३ ला अमेरिकेच्या जर्नलला छापून आलं. स्वस्त आहे म्हणून कोणाला विकायचं नाही, विकायचं नाही म्हणून व्हिडिओ नाही, असं माझं मत, चुकीचं असेल तर डॉक्टर मंडळींनी सांगावं.

मी मात्र इंटरनेट वाईट असं म्हणणारी नाही. आमच्या घरात तर इंटरनेटचा उपयोगच झाला. पण चांगल्या साइटी पण एकच उत्तर देतील असं समजू नका, आणि हे आधी कोणी सांगत नाही म्हणून लोकांचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. मॅमोग्राफी कधीपासून करायची बघा. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये सांगितलं चाळीस ते चौऱ्याहत्तर, दर दोन वर्षांनी. ब्रिटनची सरकारी सेवा पन्नाशीनंतर बोलावते, एकाहत्तरपर्यंत, दर तीन वर्षांनी. आपल्या केंद्र सरकारचा २०१६ चा कार्यक्रम म्हणतो तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी आरोग्य केंद्रात हाताने तपासणी, आणि त्यात शंका आली तर पुढची. तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाहीये. तिकडे आजार जास्त करून साठीच्या आसपास सापडतो, आपल्याकडे साधारण दहा वर्षं आधी, तरुण वयात स्तन घट्ट असतात तर मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, आणि एवढी मशिनं आणि ती वाचणारे डॉक्टर गावोगाव आणायचे कुठून. म्हणून कुठल्या देशाची साइट आहे ते आधी बघायचं, मग स्वतःच्या डॉक्टरांना विचारायचं. घरात आई, बहीण, मावशी कोणाला असेल तर हिशोबच वेगळा. आणि कोणाला नसेल तर आपल्याला होणार नाही असं मुळीच नाही, हा आजार झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कोणालाच नसतो.

तसंच आरशासमोर उभं राहून दर महिन्याला ठरावीक पद्धतीने तपासायचं चित्र, तुमच्या पुरवणीत पण होतं. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर याची मोठी चाचणी झाली, २००२ मध्ये निकाल आला, शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत मृत्यू सारखेच, फक्त साध्या गाठींच्या बायोप्स्या वाढल्या. म्हणून आता बरेच तज्ज्ञ सांगतात की आपलं शरीर रोज कसं असतं ते माहीत ठेवा आणि बदल वाटला तर लगेच जा, तारीख लावून परीक्षा घेत बसायची सक्ती नाही. चित्र छापा, पण त्याच्याखाली एवढं लिहा की यात काही सापडलं नाही म्हणून दिसणारा बदल अंगावर काढू नका. पुरुषांना पण होतो, शंभरातला एखादा, हे ऐकून आमच्या दुकानात पुरुष गिऱ्हाईक हसतात, मग शांत होतात.

मी काय बघते ते विचारलं तर फार काही नाही. खाली कोणाचं नाव आहे आणि तो माणूस कॅन्सरचा डॉक्टर आहे का. तारीख आहे का. शेवटी काही विकतोय का, पावडर, तेल, कोर्स, अपॉइंटमेंट. उंदरावर झालं की माणसावर. आणि शंभर टक्के, मुळापासून, विनाऑपरेशन असले शब्द आले की मी पुढे वाचतच नाही. यावर पण अभ्यास झालाय बरं का, अमेरिकेत सोशल मीडियावर सगळ्यात जास्त फिरलेले चार कॅन्सरवरचे दोनशे लेख त्या त्या आजाराच्या डॉक्टरांना तपासायला दिले, त्यात स्तनाचा पण होता. जवळपास एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती निघाली आणि चुकीच्या लेखांना खऱ्यापेक्षा जास्त लाइक आणि शेअर. म्हणजे जास्त लोकांनी पाठवलंय म्हणजे खरं असेल हा आपला हिशोब उलटाच पडतो. यूट्यूबने २०२३ मध्ये जाहीर केलं की लसणाने कॅन्सर बरा होतो, रेडिएशनऐवजी व्हिटॅमिन सी घ्या असले व्हिडिओ काढून टाकू. मराठीतले कोण बघतंय काय माहीत, मी रिपोर्ट केलेले अजून आहेत तिथेच. हल्ली लोक एआयला पण विचारतात. ते मराठी छान लिहितं, नको तितकं छान, पण कुठून घेतलं ते विचारलं तर कधीकधी नसलेल्याच अभ्यासाचं नाव सांगतं, म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते की त्याने दिलेली लिंक उघडते का ते आधी बघा.

मराठीत चांगलं काहीच नाही असंही नाही. जॅसकॅप म्हणून मुंबईतली संस्था आहे, तिने कॅन्सर पेशंटसाठी मराठी, हिंदी, गुजराती पुस्तिका काढल्यात, स्तनाच्या कॅन्सरवर, केमोवर, जेवणावर. केंद्र सरकारच्या नोएडाच्या संस्थेची इंडिया अगेन्स्ट कॅन्सर नावाची साइट आहे. दुसरं मत हवं असेल तर नव्या म्हणून ऑनलाइन सेवा आहे, टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, यांच्याशी जोडलेली, रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं मत येतं, माझ्याकडून लोकांनी केलंय, तिथे रिपोर्ट सरळ धरून स्कॅन करा, फोटो मारून सावली पडलेले पाठवू नका, आकडे वाचता येत नाहीत. पण हे सगळं सर्चमध्ये इतकं खाली असतं की अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागतं, आणि वरती तुमचे पाच पदार्थ.

म्हणून संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं. ग्लोबोकॅन म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेची आकडेवारी, तिच्या २०२२ च्या आकड्याप्रमाणे आपल्या देशात वर्षाला एक लाख ब्याण्णव हजारांच्या आसपास बायकांना नव्याने हा आजार होतो आणि अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास जातात. त्यातल्या मराठी बायका मराठीतच शोधणार आणि तुमची वेबसाइट त्यांना वरती दिसणार, ही ताकद तुमच्याकडे आहे, बाबांच्या व्हिडिओच्या वर जायचं तर तुम्हीच जाऊ शकता, मी नाही. कॅन्सरवरच्या प्रत्येक लेखाखाली कुठल्या डॉक्टरने तपासला त्याचं नाव, डिग्री आणि तारीख टाका. जुने पदार्थवाले लेख एक तर दुरुस्त करा नाही तर काढा. रिपोर्ट कसा वाचायचा, बायरॅड्स, ग्रेड, स्टेज, ईआर, पीआर, हर टू (गाठीत तपासतात ते एक प्रोटीन), याचं एक कायमचं पान साध्या मराठीत करा, ऑक्टोबरपुरतं नको, गाठ काय ऑक्टोबर बघून येत नाही.

आणि आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती. गाठ, कॅन्सर, विनाऑपरेशन गॅरंटी, खाली मोबाइल नंबर. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर आहे, कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही, छापणारा पण त्यात येतो. हे तुमच्या जाहिरात विभागाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. एका पानावर डॉक्टरांचा लेख आणि उलटून बघितलं की ही जाहिरात, मग लोक म्हणतात पेपरात आलंय, कुठल्या पानावर ते कोण लक्षात ठेवतं.

पत्र लांबलंय, कापायचं तर सिद्धूंचं कापा, बायरॅड्सचं ठेवा. नाव छापू नका, गिऱ्हाइकं ओळखतील आणि मग सगळा ठाणा रिपोर्ट वाचून घ्यायला माझ्याकडेच येईल. ते रिपोर्टवालं पान तुम्ही काढलंत तर मात्र मला कळवा, त्याच्या प्रती मी दुकानात फुकट देईन, ए फोर, दोन्ही बाजूंनी, पलीकडच्या लॅबवाल्यांना पण नेऊन देईन.

आपली,
एक झेरॉक्सवाली वाचक
नौपाडा, ठाणे